शनिवारी हुकूम नाही

आमचे शेठ कसे होते, असं कोणी विचारलं की मी उलट विचारतो, कुठल्या वारचे? रविवार ते गुरुवार ते एक माणूस असायचे आणि शनिवारी दुसराच कोणीतरी. शुक्रवारी कारखाना बंद, त्यामुळे शुक्रवारचे शेठ कसे असतात ते देव जाणे. बहरीनमध्ये त्यांच्या हाताखाली मी उमेदीची वर्षं काढली. त्यांचं मीठ खाल्लं म्हणायचं तर आमच्याकडे मीठ कसलं, साखरेचं पाणी होतं, ते प्यालो. पण हा माणूस मला कळला असं छातीवर हात ठेवून सांगता यायचं नाही. आणि गंमत बघा, सगळ्या कारखान्यात 'शेठना समजणारा माणूस' म्हणून ख्याती माझीच होती.

कारखाना म्हणजे मनाम्यात नईम मोहल्ल्याच्या कडेला पत्र्याची एक लांबलचक शेड. एका टोकानं रिकाम्या बाटल्या आत यायच्या आणि धुवून, भरून, बूच मारून दुसऱ्या टोकानं बाहेर जायच्या. मी तिथे लागलो ते शहात्तर-सत्त्याहत्तर साल असेल. शहर तेव्हा डोळ्यांदेखत वाढत होतं. समुद्रात भर टाकून जमीन करत होते, तिच्यावर हॉटेलं उभी राहत होती, आणि जिथे म्हणून माणूस उन्हात काम करायचा तिथे आमची बाटली लागायची. मी बूच मारायच्या मशीनवर होतो. चालवायचो मी आणि दुरुस्तही करायचो मीच. रंग तीन होते. संत्रं, लिंबू आणि लाल. लाल कशाचं, ते कुणालाच माहीत नव्हतं. नवीन असताना मी शेठनाच विचारलं होतं, "शेठ, हे कुठल्या फळाचं?"

"लाल," ते म्हणाले.

"तसं नाही, स्वाद कसला?"

"बोललो ना, लाल." आणि मी अगदीच अडाणी असल्यासारखं माझ्याकडे बघत ते निघून गेले. स्वतः ते तिन्हीतलं काही प्यायचे नाहीत. वाळलेल्या लिंबाचा काळा चहा प्यायचे.

शेठ यहुदी. त्यांचे आजोबा बसऱ्याहून बहरीनला आलेले. तशी आणखीही कुटुंबं होती, पण त्यातली बरीचशी पुढे लंडन-अमेरिकेला निघून गेली आणि हे राहिले. तरुणपणी काही वर्षं मुंबईत मामाच्या सोडावॉटरच्या धंद्यात काढलेली, त्यामुळे माझ्याशी ते मराठीसारखं काहीतरी बोलायचे. अर्धं हिंदी, मधूनच अरबी, आणि नपुंसकलिंगाशी तर उभा दावा. पण शिव्या मात्र अस्सल मुंबईच्या.

त्यांची एक खोड होती. रिकामी बाटली दिसली की तोंडाला लावायची आणि फुंकायची. पूंऽऽ. काचेचं तोंड जरा टवकलेलं असलं की आवाज फाटतो, आणि तसल्या बाटलीत गॅस टिकत नाही. इथवर ठीक आहे, धंद्याची गोष्ट आहे. पण हा गृहस्थ लग्नात फुंकायचा, मयताच्या घरी फुंकायचा, बँकेच्या मॅनेजरसमोर बसून फुंकायचा. एकदा माझ्या खोलीवर आले होते. आमच्या हिनं बाटलीच्या तळाशी उरलेलं खोबरेल तेल कोपऱ्यात ठेवलं होतं. यांनी उचलली, फुंकली, ओठ तेलकट. "चांगली आहे," म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी आमच्याकडे संत्र्याचा अख्खा क्रेट आला. हिला काही कळेना, यांना तेल आवडलं की बाटली.

"बाटली परत येते," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आमच्यातलं कोणी सुट्टीवर गावाला निघालं की शेडच्या दारापर्यंत यायचे आणि म्हणायचे, "बाटली परत येते. तू पण ये." एरवी कुणाच्या खांद्यावर हात टाकतील तर शपथ, पण त्या दिवशी टाकायचे.

मोहरममध्ये मनाम्याच्या गल्ल्यांतून मिरवणुका निघतात, छाती पिटत माणसं जातात. तेव्हा आमचा ट्रक कोपऱ्यावर उभा असायचा आणि शेठ स्वतः बुचं काढून बाटल्या वाटायचे. फुकट. फक्त लिंबू, दुखवट्यात तो रंग नको म्हणून लाल त्या दिवसांत बंद. दिवाळीला देवळात क्रेट, नाताळाला चर्चमध्ये क्रेट. मी एकदा न राहवून विचारलं, "शेठ, तुम्ही नक्की कोणाचे?" तर म्हणाले, "मनामाचा." बरं, रेडिओवर इस्रायलच्या कुठल्या लढाईच्या बातम्या लागल्या की बाजारातले काही लोक यांच्याकडे वेगळ्या नजरेनं बघायचे. शहाणा माणूस अशा वेळी घरी बसेल की नाही? हे नेमके त्याच दिवशी भर चौकात जाऊन चहा पीत बसायचे. याला हिंमत म्हणायची की हट्ट, मला कधी ठरवता आलं नाही. पास्कल म्हणायचा, हट्ट. पास्कल म्हणजे आमचा ऑफिसातला क्लार्क, वसईचा, माझा जिवाभावाचा दोस्त. त्याला सगळं कळायचं. निदान त्याला तसं वाटायचं.

आता शनिवारचं सांगतो. शनिवारी कारखाना चालू असायचा आणि शेठ घरून पायी यायचे. गाडी दारात उभी, ड्रायव्हर बसलेला, पण हे आपले चालत. आले की एका उलट्या क्रेटवर बसायचे आणि कशाला म्हणून हात लावायचे नाहीत. बटण नाही, पेन नाही, बाटलीसुद्धा फुंकायची नाही. आणि कुणाला काही सांगायचेही नाहीत. नुसतं हवेत बोलायचे. "आज हवा नाय." संपलं. कामगार चक्रावून जायचे. हवा नाही तर आम्ही काय करायचं बुवा? माझ्या पहिल्याच शनिवारी ते असं बोलले आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी उठलो आणि पंखा लावला. परक्या मुलखात गाववाला भेटावा तसं शेठनी माझ्याकडे बघितलं.

त्याचं काय आहे, मी अष्टागरातला. आमच्या शेजारी शनवार तेल्यांचं घर होतं. तेही यहुदीच, पण पिढ्यान्‌पिढ्या कोकणातले, घरात तुमच्याआमच्यासारखं मराठी बोलणारे. शनिवारी त्यांचा घाणा बंद, चूल बंद. त्या दिवशी विस्तव पेटवायचा नाही आणि दुसऱ्याला 'पेटव' असं सांगायचंही नाही. मग त्या घरातली मावशी काय करायची, कुंपणापाशी येऊन म्हणायची, "आज गारठा फार पडलाय गो." की आमची आई हातातलं काम टाकून जायची आणि त्यांची चूल पेटवून यायची. कुणी सांगितलं नाही, कुणी मागितलं नाही. पुढे ते लोक इस्रायलला गेले. त्यानंतर कितीतरी दिवस शनिवार आला की आई कुंपणाकडे बघायची. तोच शनिवार समुद्रापलीकडे मला पुन्हा भेटला होता.

तेव्हापासून शनिवारी मी शेठचा दुभाष्या झालो. "अंधार वाटते," म्हणजे ट्यूब लावा. "ट्रक अजून दिसते," म्हणजे ड्रायव्हरला हाकला. "पास्कलचा तोंड लाल झाला," म्हणजे त्याला ताप आहे, घरी पाठवा. मी चुकत नसे. म्हणजे एकदा चुकलो. एका शनिवारी ते दारात उभं राहून म्हणाले, "समुद्र लांब गेला." मी खूप डोकं खाजवलं आणि बादलीभर पाणी आणून दारातली धूळ बसवली. ते ओल चुकवत आत जाऊन क्रेटवर बसले. नंतर बाहेर जाऊन बघतो तर खरंच समुद्र लांब गेला होता. भर टाकली होती ना! माणूस नुसतं दिसलं ते बोलला होता. ही फजिती मी कुणाला सांगितली नाही. ख्यातीचा प्रश्न होता.

शेठची बायको वारली होती. एकुलता एक मुलगा लंडनला. तो दर हिवाळ्यात यायचा आणि बापाच्या मागे लागायचा, विका हे सगळं आणि चला. शेठ म्हणायचे, "खलास, विकतो." मुलगा विमानात बसला की म्हणायचे, "बघू." असं आपलं तळ्यात-मळ्यात चाललेलं. आम्हाला सवय झाली होती. पण ऐंशी साल उलटल्यानंतरच्या एका हिवाळ्यात मुलगा गिऱ्हाईक बरोबर घेऊनच आला. दुसऱ्या एका मोठ्या कारखान्याचा मालक. रविवारी येऊन तो सगळी मशीनं चालताना बघणार, पसंत पडलं की सह्या. पास्कलनं आतली बातमी आणली की नवा मालक स्वतःची माणसं आणणार, आम्हाला परतीचं तिकीट आणि रामराम.

माझं धाबं दणाणलं. व्हिसा कंपनीचा, कंपनी गेली की आपण विमानात. बायको नुकतीच कुठे बहरीनला आली होती. लग्न झाल्यापासून ती गावाला आणि मी इकडे, वर्षाकाठी महिनाभराची भेट, असं चाललं होतं. आता नईममध्ये एक खोली मिळाली होती, खिडकीत तिनं डब्यात कढीपत्ता लावला होता आणि तो त्या उन्हात जगवायची तिची धडपड चालली होती. तिला पुन्हा विमानात, पुन्हा एस.टी.त, पुन्हा गावच्या घरी पाठवायचं, हे तिला सांगायचं कोणत्या तोंडानं?

सह्यांच्या आदल्या दिवशी शनिवार आला. शेठ चालत आले, पण क्रेटवर बसले नाहीत. सरळ माझ्या मशीनपाशी येऊन उभे राहिले. मुलगा ऑफिसात फोनवर बोलत होता. बाटल्या येत होत्या, बूच बसत होतं. टक, टक, टक. बराच वेळ शेठ बघत राहिले आणि मग हवेत बोलले.

"मशीन बिगडला तर कोण घेणार?"

माझा हात थांबला. "काय म्हणालात, शेठ?"

शनिवारी त्यांना उलट विचारायचं नसतं, हे माझ्याइतकं कुणाला माहीत? पण तोंडातून निघून गेलं. ते माझ्याकडे बघत होते की माझ्या मागच्या भिंतीकडे, ते मला आजही सांगता यायचं नाही. डोळ्यांत पाणी होतं, पण बाटल्या धुवायच्या सोड्याच्या वाफेनं तिथे सगळ्यांच्याच डोळ्यांत पाणी असायचं. ते वळले आणि घरी गेले. चालत.

मी पास्कलला गाठलं आणि सगळं सांगितलं.

"मग?" तो म्हणाला.

"मग काय? मशीन बिघडव म्हणतायत."

"वेडाबिडा झालास का? मशीन धड आहे म्हणून गिऱ्हाईक मिळालं, देवाची कृपा, असं म्हणत असेल म्हातारा."

"देवाची कृपा म्हणताना तोंड असं असतं?"

"त्याचं तोंड तसंच आहे रे. आणि खरं सांगू? तुला जे ऐकायचंय तेच तू ऐकतोयस. नोकरी जातेय ना तुझी."

"तुझी नाही जात?"

"माझीपण जातेय. म्हणून तर मी ऐकत नाही."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. हुकूम असेल आणि मी गप्प बसलो, तर एका म्हाताऱ्याला त्याच्या गावातून मुळासकट उपटून नेतील, आणि तेही मला बोलून दाखवल्यावर. हुकूम नसेल आणि मी हात घातला, तर मालकाचा सौदा मोडणारा नमकहराम मी. आणि मध्येच तो लांब गेलेला समुद्र सारखा आठवायचा. आई असती तर तिनं काय केलं असतं? ती कुंपणाशी उभी राहून पास्कलचा सल्ला घेत बसली नसती, एवढं नक्की.

शिफ्ट संपताना मी बूच दाबणाऱ्या डोक्यातली बोटाएवढी पिन काढली. ती इंग्लंडहून यायची, बहरीनमध्ये मिळायची नाही. जेवणाच्या डब्यात टाकली आणि घरी आलो. हिनं डबा उघडला.

"अगो बाई, हे लोखंड कसलं? माझी भाकरी चाववत नाही असं सुचवताय की काय?"

"शेठनी दिलंय," मी म्हटलं.

"कशाला?"

"तेच कळत नाहीये."

रविवारी गिऱ्हाईक आलं. मी बटण दाबलं. बाटल्या आल्या, भरल्या, बूच वर नुसतं टेकलं आणि बाटल्या तशाच पुढे गेल्या. पुढे जाऊन एकेक फसफसून वर आली. गिऱ्हाइकाच्या पांढऱ्याशुभ्र झग्यावर लाल. मुलगा इंग्रजीत ओरडायला लागला. शेठ पुढे झाले. रविवार होता, आज त्यांना सगळी मुभा होती. हुकूम द्या, शिव्या द्या, पोलीस बोलवा. ते वाकले, जिथे पिन असते बरोबर तिथे बोट घातलं आणि रिकामं फिरवलं. मग सरळ उभे राहिले आणि गिऱ्हाइकाला अरबीत म्हणाले, जुनं झालं आता, काय करणार. माझ्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. एक बाटली उचलली, राहिलेलं लाल ओतून दिलं आणि फुंकली. पूंऽऽ.

सौदा मोडला. मुलगा त्याच रात्री तणतणत लंडनला गेला. सोमवारी मी पिन परत बसवली तेव्हा शेठ शेजारीच उभे होते.

"चालते?"

"चालते, शेठ."

"बरं."

एवढंच. पुढे कधी त्या गोष्टीचं नाव काढलं नाही. खूश झाले म्हणावं तर तसं काही दिसेना, रागावले म्हणावं तर तेही नाही. फक्त एक झालं. शनिवारी शेठ बोलेनासे झाले. चालत यायचे, क्रेटवर बसायचे, घाम गळायचा, पण 'हवा नाय' म्हणायचे नाहीत. मी आपला अंदाजानं उठून पंखा लावायचो आणि ते मान हलवायचे. मनातून मी हादरलो होतो. सतरा वेळा ठरवलं, विचारून टाकायचं. पण शनिवारी विचारायची सोय नाही आणि इतर वारी धीर नाही.

मग सौदीकडचा पूल झाला. पुलावरून कॅनचे ट्रक यायला लागले. कोल्ड स्टोरवाले, म्हणजे आपले किराणा दुकानदार, म्हणायला लागले, रिकाम्या बाटल्या ठेवायला जागा कुणाला आहे? कारखाना विकला गेला नाही, नुसता बंद पडला. माझं मशीन भंगारात गेलं. शेठनी आम्हा सगळ्यांना ओळखीच्या ठिकाणी चिकटवून दिलं, पास्कलला एका हॉस्पिटलात, मला एका हॉटेलच्या मेंटेनन्सला. माझा संसार तिथेच राहिला. कढीपत्ता वाढून खिडकीबाहेर गेला, मुलगी झाली, ती शाळेत जाऊन माझ्याशी इंग्रजीत वाद घालायला लागली. शेठ मात्र लंडनला चालले. मुलगा येऊन घर आवरत होता. एक दिवस मला निरोप आला, शेठनी बोलावलंय.

घर जवळजवळ रिकामं झालं होतं. दोन खुर्च्या, डोक्यावर फिरणारा पंखा आणि खिडकीत संत्र्याची, लिंबाची आणि लालची एकेक रिकामी बाटली. शेठनी मला लिंबाचा काळा चहा दिला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

"लंडनला थंडी फार असते म्हणे," मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं.

"असेल."

"बाटली परत येते, शेठ."

ते हसले. "काचेची येते. कॅन नाय येत."

आज विचारायचंच असं ठरवून आलो होतो, पण जीभ रेटेना. तेवढ्यात तेच म्हणाले, "एक विचारायचा राहिला. त्या शनिवारी मी काय बोललो?"

"मशीन बिगडला तर कोण घेणार, असं."

"ते माहीत आहे. मला पाहिजे काय होता?"

अहो, इतकी वर्षं हाच प्रश्न पोटात घेऊन मी हिंडत होतो आणि हा माणूस तो मलाच विचारतोय?

"शेठ, बोललात तर तुम्ही!"

"बोललो मी. समजला तुला. मला कुठे समजला?" त्यांनी कपाचा कान धरून कप उगाच फिरवला. "मुलाकडे जायचा होता. इथे राहायचा पण होता. दोन्ही. तोंडातून निघाला. रविवारी बघतो, पिन नाय. मी मनात बोललो, अरे, याला समजला म्हणजे मला राहायचाच असेल. शनिवारी तू कधी चुकला नाय. मग शनिवारी बोलायचाच बंद केला. भीती वाटली. आणखी काय समजशील."

समुद्राचं सांगून टाकावं असं अगदी ओठांवर आलं. मग खिडकीतला कढीपत्ता आठवला, पास्कलचं बोलणं आठवलं, आणि ते तसंच राहिलं. मी ऐकलं ते त्यांचं होतं की माझं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं आणि अजूनही नाही. पण समोरचा म्हातारा माझ्या तोंडाकडे बघत होता, आणि त्याचं विमान दुसऱ्या दिवशी होतं.

"तुम्हाला राहायचं होतं, शेठ," मी म्हटलं.

"पक्का?"

"पक्का."

"मग बरा झाला," ते म्हणाले. "चांगली गेली वर्षं."

बाहेरून मुलानं हाक मारली. गाडी आली होती, रात्री ते त्याच्याबरोबर हॉटेलवर राहणार होते. मी उठलो आणि जुन्या सवयीनं पंख्याच्या बटणाकडे हात नेला.

"राहू दे," शेठ म्हणाले. "आज बुधवार."

आणि भिंतीला धरत धरत जाऊन पंखा त्यांनी स्वतः बंद केला.